धर्मशाळेलाही वही असते

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका श्रीलंकन तमिळ माणसाचा अर्ज आला. दहशतवादविरोधी कायद्याखाली झालेली शिक्षा त्याने भोगली होती. बायकामुलं इथेच होती. परत पाठवलंत तर माझ्या जिवाचं खरं नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. पण सुनावणीत न्यायमूर्तींच्या तोंडून निघालेलं एक वाक्य देशभर गेलं: हा देश म्हणजे धर्मशाळा नाही.

पुण्याच्या माणसाला धर्मशाळा म्हटलं की आळंदी आठवते. लहानपणी कार्तिकीला आजीबरोबर मी तिथे मुक्कामाला गेलो आहे. दारातच एक गृहस्थ मांडीवर लांबट वही घेऊन बसलेले असत. नाव, गाव, माणसं किती, मुक्काम किती दिवसांचा. मग पथारी टाकायची जागा दाखवत. भिंतीवर पाटी होती: चूल कुठे मांडायची, दिवा कधी मालवायचा, जास्त दिवस राहायचं तर कुणाला विचारायचं. जागेवरून कुरबुर झाली तर वही उघडली जाई. आपल्याला काय मिळणार हे आलेल्याला ठाऊक असे, आणि आत कोण कोण आहे हे धर्मशाळेला.

ते वाक्य वाचल्यापासून ही वही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. देश धर्मशाळा नाही, हे मला मान्य आहे. पण धर्मशाळेत असते तेवढीही व्यवस्था आपण निर्वासितांसाठी केलेली नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत भारताने जेवढ्या लोकांना आसरा दिला, तेवढा फार थोड्या देशांनी दिला असेल, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही तो आसरा बहुतेक वेळा मर्जीने दिला गेला. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ठेवलं तर काय म्हणून, याचं उत्तर दर वेळी त्या त्या सरकारने, त्या त्या वेळच्या हवेप्रमाणे दिलं. निर्वासित कुणाला म्हणायचं, हे सांगणारं एकही कलम आपल्या कायद्यात आजही नाही.

मर्जी आणि कायदा यांत काय अंतर असतं ते बघायला लांब जायला नको, पिंपरीला जावं. पुण्यात नुसतं ‘कॅम्प’ म्हटलं तर लष्कर, महात्मा गांधी रस्ता. ‘पिंपरी कॅम्प’ म्हटलं की ते वेगळंच गाव. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धं मावळ शगुन चौकाच्या आसपास फिरून जातं. सकाळी तिथे दाल-पकवान खाणाऱ्या पोरांना हा ‘कॅम्प’ कुठून आला ते विचारा, सगळ्यांना सांगता येईलच असं नाही. त्यांच्या पणजोबांचा तो कॅम्प होता. फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध मात्र अख्खा पलीकडे गेला, त्यामुळे सिंधी माणसाला आपला म्हणावा असा प्रांतच इकडे उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगली झाल्या आणि त्यानंतर बोटी भरभरून माणसं मुंबईच्या धक्क्याला लागली. कल्याणजवळ महायुद्धाच्या वेळची लष्करी छावणी होती. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पिंपरीच्या माळावरही वस्ती उभी राहिली. सिंधी संत साधू वासवानी पुण्यात आले आणि स्टेशनजवळच्या चौकाला आज त्यांचंच नाव आहे.

या माणसांच्या कष्टांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरले, पापड लाटून विकले, एका पिढीत दुकानं उभी केली. गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्या सांगताना सरकारने काय केलं ते राहून जातं. देश कंगाल होता, धान्य रेशनवर होतं, आणि पश्चिम व पूर्व पाकिस्तानातून सत्तर लाखांहून जास्त माणसं आली होती. त्या सरकारने पुनर्वसनाचं स्वतंत्र खातं काढलं. १९४८ मध्ये निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी यंत्रणा कायद्याने उभी केली. १९५० मध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्याचा कायदा, १९५१ मध्ये तिकडच्या कर्जांचा निवाडा करणारा कायदा, १९५४ मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा. ‘क्लेम’ हा शब्द सिंधी आणि पंजाबी घरांत तेव्हापासून रुजला. क्लेम म्हणजे हक्काने मागायची गोष्ट. अर्ज, त्याचा नंबर, त्यावर निर्णय, निर्णय पटला नाही तर अपील. कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती. आमच्या वाड्यात त्या काळी ‘निर्वासित’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, मी तो ऐकलेला आहे. म्हणजे समाजाचं मन काही फार मोठं नव्हतं. शेजाऱ्याचं मन आखडलेलं असतानाही कागद पुढे सरकत राहिला, ही कायद्याची करामत.

त्याच काळात त्याच सरकारने पूर्वेकडून आलेल्यांचं काय केलं, ते शेजारी ठेवून पाहिलं म्हणजे मुद्दा लख्ख होतो. पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली हिंदू परत जातील असा सरकारचा अंदाज होता, दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांचं रक्षण करायचं ठरवणाऱ्या १९५०च्या नेहरू-लियाकत कराराची भिस्तही त्यावरच होती. त्यामुळे १९५४च्या भरपाईच्या कायद्यातून ते बाहेर राहिले. त्यांच्या वाट्याला आली छावणी, रोजचा तुटपुंजा भत्ता, आणि मग १९५८ पासून मध्य भारतातलं दंडकारण्य. नदी-खाडीच्या मुलखातली, मासे आणि भात यांवर जगणारी माणसं, त्यांतली कितीतरी नमशूद्र या दलित समाजातली, पाण्याविना तडकलेल्या जमिनीवर नेऊन बसवली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही ती आली. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत बंगाली बोलणारी गावं आजही आहेत. दंडकारण्य सोडून हजारो जण सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर जाऊन राहिले, तेव्हा १९७९ मध्ये पोलिसांनी बेटाची नाकेबंदी करून त्यांना हुसकावलं. त्यात किती मेले यावर अजून एकमत नाही. फाळणी एकच आणि पळून येण्याचं कारणही एकच, पण एकाच्या हातात क्लेमचा कागद होता आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. पिंपरी आणि मरीचझापी यांत मला दिसणारं सर्वांत मोठं अंतर हे आहे.

पुढे १९७१ आलं. तेव्हा मी शाळेत होतो. टपालावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी पाच पैशांचं तिकीट लावावं लागे, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असं छापलेलं असे. वडील ते तिकीट मला चिकटवायला देत आणि म्हणत, हे पैसे त्या लोकांच्या भाताचे आहेत. काही महिन्यांत जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती. एक कोटी! बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२च्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यांतले बहुसंख्य परत गेले. त्या वर्षी जगातल्या बड्या देशांनी भारताला निर्वासितांवरून उपदेश केला, ओझं मात्र मुख्यतः भारतालाच उचलावं लागलं. १९५१चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार भारताने का केला नाही याची मुळंही अशीच आहेत. तो करार लिहिला गेला तो युरोपातल्या युद्धपीडितांकडे बघून, १ जानेवारी १९५१च्या आधीच्या घटनांपुरता. आपल्या दारातले फाळणीचे लोंढे त्यात बसतच नव्हते. १९६७ मध्ये ती मुदतीची अट निघाली, तरी आपण सही केली नाही. मला ही भूमिका समजते. बाहेरच्यांनी लिहिलेला करार नको असेल तर नको. पण मग घरचा कायदा तरी कुठे आहे?

तिबेटी लोकांबाबत आपण जे केलं त्याला तोड नाही. १९५९ मध्ये दलाई लामा आले, मागोमाग हजारो आले. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती बसली, कर्नाटकात बैलकुप्पेला जमीन दिली गेली, तिबेटी मुलांसाठी शाळा काढल्या. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. थंडीत पुण्यात स्वेटरचे स्टॉल लागतात, त्यांतल्या कितीतरी मुली भारतात जन्मलेल्या, हिंदी आणि थोडी मराठी बोलणाऱ्या असतात. तरी त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि त्याचं नूतनीकरण ठरलेल्या मुदतीने करत राहावं लागतं. नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. हे एका तिबेटी तरुणीला २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात भांडून सिद्ध करावं लागलं. कायदा स्पष्ट होता, पण कार्यालयाला तो लागू करायचा नव्हता.

श्रीलंकेच्या तमिळांचं दुखणं याहून मोठं आहे. १९८३ नंतर लाटांमागून लाटा आल्या, एकूण तीन लाखांहून अधिक माणसं. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि सहानुभूतीची जागा संशयाने घेतली. आजही तमिळनाडूच्या छावण्यांत पन्नास हजारांहून जास्त लोक राहतात. छावणीत जन्मलेली मुलगी आज आई झालेली आहे, तिचं मूलही छावणीतच. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने छावण्यांना ‘पुनर्वसन छावणी’ म्हणायला सुरुवात केली, घरं बांधायला घेतली, ही चांगली गोष्ट. पण २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान हे तीन देश आणि सहा धर्म घेतले गेले, त्यात यांचा समावेश नाही. यांतले बहुसंख्य हिंदू आहेत, तरी नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी व्यक्तींविषयीचा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे ब्रिटिशकालीन कायदे गेले. एवढी मोठी संधी होती, तरी नव्या कायद्यातही निर्वासित हा स्वतंत्र वर्ग नाही. कागदपत्रांविना आलेला चोर आणि कागदपत्रांविना जीव घेऊन पळालेली बाई, दोघं कायद्यापुढे सारखेच: परवान्याशिवाय आलेले परदेशी. मग सूट देणारा आदेश निघाला. नोंदणी केलेले तिबेटी सुटले. तीन देशांतले सहा धर्मांचे लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असतील तर सुटले. नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ ९ जानेवारी २०१५ पर्यंत आले असतील तर सुटले. सूट मिळाली याचा मला आनंदच आहे. पण सूट ही देणाऱ्याच्या हातची गोष्ट असते. १० जानेवारीला आलेल्याने काय करायचं?

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक अफगाण मुलगी होती. हजारा समाजातली; या समाजाला वंशामुळेही मारलं जातं आणि शिया असल्यामुळेही. पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आहेत, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं. त्याच महिन्यात भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द करून नवा आपत्कालीन ई-व्हिसाच ग्राह्य धरायचं ठरवलं. करोनामुळे घरी जाऊन ऑनलाइन शिकत असलेला तिचा वर्गमित्र तिकडेच अडकला, त्याची परीक्षा राहिली ती राहिलीच. ही इथे होती म्हणून वाचली. पण विद्यार्थी व्हिसा शिक्षण चालू असेपर्यंतच. म्हणून एम.ए. झाल्यावर तिने दुसऱ्या विषयात एम.ए. घेतलं, मग डिप्लोमा. आवड म्हणून नव्हे, फीची पावती म्हणजे राहण्याचा परवाना म्हणून. नोकरी करता येत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली, तोवर नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतला अफगाण दूतावासच बंद पडला. घर बदलायचं तर मालकाला परदेशी भाडेकरूची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरावा लागतो, आणि ‘अफगाण’ ऐकलं की मालक चावी परत खिशात घालतो. कोंढव्यात दीड वर्षात तिने तीन खोल्या बदलल्या.

एकदा मी तिच्याबरोबर एका कार्यालयात गेलो. खिडकीमागचा माणूस उद्धट नव्हता, उलट कनवाळू होता. त्याने फाइल चाळली आणि म्हणाला, “सर, हिची केस खरी आहे हे मला दिसतंय. पण ‘निर्वासित’ असा रकानाच नाही. मी टिक कुठे करू?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात अर्ज करावा असा सल्ला मिळाला. ते कार्यालय १९८१ पासून दिल्लीत आहे. अफगाण, म्यानमारमधून आलेले लोक, सोमाली, यांची पडताळणी करून ओळखपत्र देतं. म्हणजे आपल्या भूमीवर कोण निर्वासित हे ठरवण्याचं काम आपण परक्या संस्थेवर सोडलं आहे, आणि तिने दिलेल्या कार्डावर आपली बँक खातं उघडत नाही, आधारही मिळत नाही. सार्वभौमत्वाचा मुद्दा काढणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

२०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने एक कार्यपद्धती ठरवली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती खरी वाटली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यावा, त्यावर खासगी नोकरीही करता यावी. चांगली होती. पण ती खात्याची अंतर्गत सूचना. पाळली नाही तर दाद कुठे मागायची?

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत. आसाम-त्रिपुरात बाहेरून आलेल्यांमुळे भूमिपुत्रांना आपली भाषा, जमीन, मतदारसंघ हातून जाताना दिसले. ती भीती दिल्ली-पुण्यात बसून उडवून लावणं मला चुकीचं वाटतं. निर्वासितांच्या आडून घातपाती येऊ शकतात, हेही खरं. लोकसंख्येचा ताण खराच आहे. पण या प्रत्येक आक्षेपाला उत्तर म्हणून मी वहीकडेच बोट दाखवीन. पोटासाठी आलेला स्थलांतरित आणि जीव वाचवायला आलेला निर्वासित यांची छाननी करायची तर छाननीचे नियम लागतील. ते नाहीत म्हणून दोघेही सारखेच अदृश्य होतात. मिझोरामचं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथल्या चिन राज्यातले चिन जमातीचे लोक पलीकडून आले. मिझो आणि चिन हे रक्ताचे नातलग. मार्चमध्ये केंद्राने चार राज्यांना कळवलं, सीमा रोखा, आलेल्यांना परत पाठवा. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं, आम्हाला हे जमणार नाही. तीस हजारांवर माणसं राज्याने आणि चर्चने सांभाळली. मग केंद्राने त्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सांगितले, तेव्हा २०२३ मध्ये राज्याने त्यालाही नकार दिला. ही यादी हद्दपारीसाठी वापरली जाईल अशी धास्ती होती. पुढे नोंदणी सुरू झाली, पण मधली वर्षं गेली. नाव लिहून घेणारा आपल्याला हाकलणार नाही अशी खात्री असेल तरच माणूस वहीत नाव लिहितो. ती खात्री कायद्यातूनच येते, आणि सुरक्षेलाही तीच लागते.

न्यायालयांनी पोकळी भरायचा प्रयत्न केला आहे. कप्ताई धरणाच्या पाण्याने आणि छळाने १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा जमातीचे लोक अरुणाचलात वसवले होते. स्थानिक संघटनांनी निघून जाण्याची मुदत दिली तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क नागरिकालाच नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे आणि राज्याने त्यांचं रक्षण करावं. तेच न्यायालय २०२१ मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुस्लिमांच्या बाबतीत म्हणालं की जगण्याचा हक्क सर्वांना असला तरी हद्दपार न होण्याचा हक्क फक्त नागरिकाला. रीतसर प्रक्रिया करून पाठवता येईल. दोन्ही निकाल वाचून मी न्यायाधीशांना दोष देत नाही. संसदेने लिहिलेलंच नसेल तर त्यांनी वाचायचं काय?

संसदेला कच्चा आराखडाही नवा नाही. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात नमुना कायदा तयार झाला होता. २०१५ मध्ये शशी थरूर आणि वरुण गांधी, म्हणजे एक काँग्रेसचे आणि एक भाजपचे खासदार, दोघांनी आपापली खासगी विधेयकं मांडली. एकही पुढे गेलं नाही. मला हवा तो कायदा मोठा नाही. आलेल्याचा अर्ज भारतीय अधिकाऱ्याने घ्यावा आणि ठरलेल्या महिन्यांत निकाल द्यावा. निकाल विरोधात गेला तर एकदा अपील असावं. अर्ज चालू असताना त्याला जिथे मरण आहे तिथे ढकलू नये. मान्य झाला तर ओळखपत्र, काम करण्याची मुभा, मुलांना शाळा. युद्धगुन्हेगार, दहशतवादी यांना दार बंद. आणि ओझं एका सीमेवरच्या राज्यावर पडू नये म्हणून केंद्राने खर्च उचलावा, माणसं वाटून घ्यावीत. धर्म, देश किंवा तारीख बघून नव्हे, भीती खरी आहे का एवढं तपासून. यात नागरिकत्वाचं वचन नाही. तो वेगळा आणि अवघड प्रश्न आहे, त्यावर माझं मतही अजून पक्कं झालेलं नाही.

कायदा येईपर्यंत पुण्यात काही करता येणार नाही असं मात्र नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक बालक आहे, भारतीय बालक असं लिहिलेलं नाही. तेव्हा महापालिकेच्या शाळेने कागदासाठी कुणाला परत पाठवू नये. घरमालकांच्या सोसायट्यांनी परदेशी भाडेकरूचा फॉर्म भरायला शिकावं, तो दहा मिनिटांचा आहे. महाविद्यालयांनी अशा विद्यार्थ्यांसाठी एक माणूस नेमावा, जो त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत जाईल. पोलंडहून हुसकलेली पाच हजार माणसं १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. त्यांची नातवंडं अजून ती जागा बघायला येतात. तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो आणि खायला पुरेसं नव्हतं.

त्या मुलीचा डिप्लोमा येत्या एप्रिलमध्ये संपतो. पुढचा कोणता कोर्स घ्यावा, असं तिने मला परवा फोनवर विचारलं. फी परवडेल आणि प्रवेश अजून उघडा असेल असा एक सापडला आहे, मोडी लिपीचा. उद्या सकाळी फॉर्म आणायला जायचं आहे.